मराठी माशांचा इंग्रज कारकून : कर्नल साइक्स

जपानमधील किंवा जर्मनीतील एखादा मत्स्यतज्ज्ञ आपल्या शोधनिबंधात ‘टॉर खुद्री’, ‘गारा मुल्या’ किंवा ‘स्पेराटा सिंघाला’ असे लिहितो, तेव्हा तो नकळत मराठी शब्द लिहीत असतो. खुद्री, मळ्या, शिंगाळा ही भीमा, मुळा-मुठा आणि घोड या नद्यांच्या काठावरील भोई-कोळ्यांच्या तोंडची नावे. लॅटिन आणि ग्रीक शब्दांचे राज्य असलेल्या शास्त्रीय नामावलीत ती शिरली कशी, याचे उत्तर एका लष्करी अधिकाऱ्याच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेक यांच्या हाताखाली भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाई पाहिली. आजच्या हिशेबाने ज्या वयात मुलगा दहावीची तयारी करतो, त्या वयात हा मुलगा तोफांच्या आवाजात वावरत होता. शाळा-महाविद्यालयातील शास्त्रशिक्षण त्यांना लाभले नाही. जे काही शिकले ते छावणीत, प्रवासात आणि लोकांशी बोलून. हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या, आणि हीच गोष्ट पुढे त्यांच्या कामाचा पाया ठरली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजांची गाठ पडली. खडकीच्या आणि त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत साइक्स देशी पलटणीसह कंपनीच्या बाजूने लढले. मराठी वाचकाला ही गोष्ट ओलांडून पुढे जाता येणार नाही, आणि जाऊही नये. ज्या प्रदेशाचा पाडाव करण्यात त्यांचा हात होता, त्याच प्रदेशातील झाडे, पक्षी, मुंग्या, मासे, जमिनीचे हक्क आणि माणसांची संख्या मोजण्याचे काम सात वर्षांनी त्यांच्याकडे आले. जिंकलेल्या मुलखाची मोजदाद ही राज्यकर्त्यांची गरज होती. साइक्स यांचे कुतूहल मात्र त्या गरजेपेक्षा बरेच मोठे निघाले.

१८२० ते १८२४ या काळात ते रजेवर युरोपात होते. परतल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी प्रतिवृत्तकार नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांचा तपशील गोळा करणे हे त्यांचे काम. पीक, पाऊस, वजनमापे, गावाची रचना, पाटील-कुलकर्ण्यांचे वतन, मजुरीचे दर अशा गोष्टींच्या नोंदी करीत त्यांचा तंबू गावोगाव हिंडू लागला. सरकारी वह्या भरता भरता दुसऱ्या वह्याही भरत गेल्या. वायुभारमापकाचा पारा दख्खनमध्ये दिवसातून दोनदा ठरावीक वेळी चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवले. तो निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुण्यात त्यांनी पावसाने भिजलेले गवताचे बी वारुळाबाहेर उन्हात वाळवणाऱ्या मुंग्या पाहिल्या. मुंग्या धान्य साठवतात ही जुनी समजूत युरोपातील पंडितांनी भाकडकथा म्हणून बाजूला सारली होती. साइक्स यांच्या नोंदीने तिला पुन्हा आधार मिळाला.

१८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. एका चंडोलाला त्यांनी ‘देवा’ आणि एका वटवट्याला ‘रामा’ असे नाव दिले. कोळसुना या रानकुत्र्याला त्यांनी दख्खनचे नाव दिले. गावोगावच्या लोकांत वावरल्याचा हा परिणाम असावा. अन्यथा त्या काळच्या प्रथेप्रमाणे आश्रयदात्यांची आणि मित्रांची नावे देऊन ते मोकळे झाले असते. ती नावेही त्यांनी दिलीच, पण माशांच्या बाबतीत मराठीने त्यांच्यावर पूर्ण मात केली.

खर्चकपातीत १८२९ च्या अखेरीस त्यांचे पद रद्द झाले. तरी अपुरे राहिलेले काम तडीस नेण्यासाठी ते थांबले आणि १८३१ मध्ये मायदेशी निघाले. नोव्हेंबर १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवरील निबंध वाचला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक जातींचे त्यात वर्णन आहे आणि त्यांतील बहुतेक शास्त्राला तोवर अज्ञात होत्या. ‘पोटेल’, ‘बोगट’, ‘मुल्या’, ‘नुक्ता’, ‘कोलस’, ‘फुलुंगी’, ‘सांडखोल’, ‘बालुकी’, ‘मुरे’, ‘गोग्रा’ अशी एकामागून एक नावे त्या यादीत येतात. इंग्रज कारभारी तेव्हा गावच्या पाटलाचा उल्लेख ज्या अक्षरांत करीत, नेमक्या त्याच अक्षरांत ‘पोटेल’ हे नाव लिहिलेले आहे. ‘रोहटी’ या नावावरून तर त्यांनी एक संपूर्ण प्रजातीच स्थापन केली आणि ती आजही मान्य आहे. जोडीला लंडनमधील यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स यांच्या नावाचे मासे आहेत. एका वामेला एल्फिन्स्टन यांचे नाव आहे.

ही नावे त्यांना सांगितली कोणी? जाळे ओढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव शास्त्रीय नामावलीत नाही. शब्द तेवढा त्यांचा आला. उच्चार इंग्रजी कानाने टिपलेले असल्यामुळे काही नावांचे मूळ रूप आता ओळखणेही अवघड झाले आहे. बोगट कोणता आणि फुलुंगी कोणती, हे नदीकाठच्या जुन्या माणसांना विचारूनच ठरवावे लागते, आणि अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

साइक्स यांची पद्धत बाहेरून पाहण्याची होती. मासा ताजा असताना त्याचे माप घ्यायचे, परांतील काटे मोजायचे, खवल्यांच्या ओळी मोजायच्या, तोंडाजवळच्या मिशा किती आणि केवढ्या ते लिहायचे आणि चित्र काढवून घ्यायचे. दख्खनच्या उन्हात मासा टिकवणे हे मोठे संकट होते. त्यांनी वर्णिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात सापडत नाहीत. उरली आहेत ती वर्णने आणि चित्रे. त्यामुळे माशाच्या कवटीत काय आहे आणि त्याचे रक्त कोठे तयार होते, या प्रश्नांपर्यंत ते पोहोचले नाहीत. लंडनमध्ये हे काम करणारा माणूस त्यांच्या ओळखीत होता. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन हे प्राणिसंग्रहालयात मेलेल्या जनावरांचे विच्छेदन करीत. साइक्स यांनी एका चपट्या, चंदेरी माशाला त्यांचेही नाव दिले.

गंमत अशी की साइक्स यांनी मोजलेल्या मिशांमध्येच मेंदूची गोष्ट दडलेली होती. त्यांच्या यादीतील बहुसंख्य मासे कार्पच्या, शिंगाळ्याच्या आणि मुऱ्यांच्या कुळांतील आहेत. शिंगाळ्याच्या लांबलचक मिशांवर चवीच्या कलिका असतात. गढूळ पाण्यात तो डोळ्यांवर विसंबून राहत नाही, मिशांनी तळ चाखत जातो. या संवेदना ज्या मज्जातंतूने मेंदूकडे येतात, त्याचा मेंदूतील भाग शिंगाळ्याच्या कुळात फुगून स्वतंत्र गोळ्यासारखा झालेला असतो. कार्पच्या कुळात चवीचे काम टाळूवरील एक मांसल गादी करते. मासा वाळू आणि अन्न एकत्रच तोंडात घेतो, गादीवर ते चाळतो आणि खडे बाहेर टाकतो. म्हणून त्याच्या मेंदूच्या मागच्या टोकाला दुसऱ्याच मज्जातंतूचे दोन मोठे उंचवटे दिसतात. मेंदू हातात घेतला तरी जाणकार सांगू शकतो की हा मासा मिशीने जेवणारा होता की टाळूने. याच कुळांतील माशांत हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. पाण्यातील आवाज ती कानापर्यंत पोहोचवते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० मध्येच, म्हणजे साइक्स पुण्यात नेमले जाण्यापूर्वी, तिचे वर्णन केले होते.

अस्थिमत्स्यांच्या मेंदूबद्दल दीर्घकाळ एक गैरसमज होता. त्यांचा पुढचा मेंदू छोटा आणि सपाट दिसतो, म्हणून तो केवळ वास घेण्यापुरता आहे असे मानले जाई. प्रत्यक्षात भ्रूणावस्थेत तो आपल्यासारखा आत न वळता बाहेरच्या बाजूला उलगडतो, आणि त्यामुळे त्याचे भाग ओळखीच्या जागी सापडत नाहीत. गोल्डफिशवरील प्रयोगांनी दाखवले की या मेंदूचा बाजूचा भाग जागा लक्षात ठेवण्यासाठी लागतो, तर आतला भाग धोका टाळायला शिकण्यासाठी. माशाची आठवण क्षणभरच टिकते ही म्हण म्हणूनच सोडून द्यायला हवी.

संरक्षणाची गोष्टही तितकीच वेगळी आहे. आपले रक्त हाडांतील मज्जेत तयार होते. माशाच्या हाडांत अशी मज्जा नसते, आणि त्याला लसिकाग्रंथीही नसतात. त्याचे रक्तपेशींचे कोठार आहे डोक्याच्या लगेच मागे, पाठीच्या कण्याखाली असलेल्या मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकात. त्याला शीर्षवृक्क म्हणतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशी तेथे जन्मतात. थायमस ही दुसरी ग्रंथी कल्ल्यांजवळ असते. पण खरी सीमारेषा त्वचेवरचा बुळबुळीत थर हीच. कोळणीच्या हाताला नकोसा वाटणारा हा चिकट द्रव जंतूंना अडकवतो, त्यांच्या भिंती फोडणारी द्रव्ये बाळगतो आणि त्यात प्रतिपिंडेही असतात. श्लेष्मल आवरणांच्या रक्षणासाठीचा एक खास प्रतिपिंड अस्थिमत्स्यांत असल्याचे २००५ मध्ये कळले. पकडलेला मासा कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरून पुन्हा पाण्यात सोडणारे हौशी लोक त्याचे हे चिलखतच पुसून टाकतात.

मेंदू आणि संरक्षण यांची गाठ शीर्षवृक्कात पडते. घाबरलेल्या, गुदमरलेल्या किंवा गर्दीत कोंडलेल्या माशाच्या मेंदूतून निघालेला रासायनिक संदेश याच अवयवापर्यंत येतो आणि तेथील दुसऱ्या पेशी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. संकट थोडा वेळ टिकले तर हे संप्रेरक उपयोगी पडते. ते दिवसेंदिवस रेंगाळले तर शेजारीच चाललेले लढाऊ पेशींचे काम मंदावते. नदीत सांडपाणी मिसळते, प्राणवायू घटतो आणि मासे एकदम मरत नाहीत, पण काही आठवड्यांनी रोगाने मरतात, त्याचे एक कारण येथे आहे. याच कार्प-शिंगाळा कुळांत त्वचेतील विशिष्ट पेशी फुटल्या की पाण्यात एक द्रव्य पसरते. इतर माशांच्या नाकाला ते कळते आणि सारा थवा पळ काढतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे दाखवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की त्वचेत घुसणारे रोगजंतू आणि परजीवी आले की याच पेशी वाढतात. म्हणजे त्यांचे मूळ काम बहुधा त्वचेचे रक्षण, आणि शेजाऱ्यांना मिळणारा इशारा हा त्याचा उपफायदा.

या संरक्षणालाही मर्यादा आहेत. मासा शीतरक्ताचा असल्यामुळे पाणी गार झाले की त्याची लढण्याची शक्ती संथ होते. १९८८ मध्ये भारतात पोहोचलेला व्रणरोग असाच पावसाळा सरून थंडी पडू लागली की उसळतो. त्यामागे पाण्यातील एक बुरशीसदृश सजीव आहे. साइक्स यांच्या यादीत ज्या मरळीच्या कुळाला स्थान आहे, त्या मरळीला त्याचा मोठा फटका बसला.

इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून लष्करातून निवृत्त झाले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी लंडनमध्ये सांख्यिकी संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. मनोरुग्णांच्या संस्थांची देखरेख करणाऱ्या आयोगावर त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये तिचे अध्यक्ष. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या अगदी उंबरठ्यावर कंपनीच्या सर्वोच्च पदावर हा पुण्याच्या नद्यांतील मासे मोजणारा माणूस बसला होता. १८५७ पासून अखेरपर्यंत ते अ‍ॅबर्डीनचे खासदार होते. चीनमधील तायपिंग बंडखोरांची बाजू त्यांनी जाहीरपणे मांडली. हवामानाच्या अभ्यासासाठी बलून आकाशात सोडण्याच्या मोहिमांनाही त्यांचे पाठबळ होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दख्खनवर त्यांनी लिहिलेले निबंध तोवर निरनिराळ्या संस्थांच्या जुन्या अंकांत विखुरलेले होते, आणि आजही ते एकत्र शोधायला बरीच खटपट करावी लागते.

मासे मात्र त्यांच्या मागे राहिले, आणि त्यांच्या अडचणीही. शिरूरच्या घोड नदीतून वर्णिलेला ‘मुस्सुल्ला’ हा नेमका कोणता मासा, यावर पावणेदोनशे वर्षे घोळ चालला. मूळ नमुना नव्हता. बराच काळ त्याला महसीर समजले गेले. २०१३ मध्ये संशोधकांनी तो महसीर नसून दुसऱ्याच प्रजातीतला असल्याचे स्पष्ट केले. वर्णन जपले आणि मासा हरवला की असे होते. ‘पोटेल’ आणि नाकावर उंचवटा असलेला ‘नुक्ता’ हे दोघेही आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहेत. भीमेच्या खोऱ्यात धरणे झाली, वाळू उपसली गेली, पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेत मिसळू लागले. पुण्याच्या पूर्वेला ज्या मुळा-मुठेतून साइक्स यांनी खुद्रीचे वर्णन केले, तेथे आज खुद्री शोधणे व्यर्थ आहे.

घाटाच्या या बाजूला चित्र अगदी निराळे नाही. साइक्स यांचा मुलूख पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा. ठाणे जिल्ह्यातील काळू, भातसा आणि उल्हास या पश्चिमेकडे वाहतात. पण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सापडणारे मासे आहेत आणि मळ्या त्यांतलाच एक. दगडाला चिकटून, वाहत्या पाण्यात शेवाळ खरवडत जगणारा हा बोटभर लांबीचा मासा. कल्याण-कसारा मार्गावरील खडवली येथे उन्हाळ्यात कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून लोकलने आलेली माणसे भातसेच्या पात्रात डुंबतात, तेव्हा मळ्यासारख्या माशांना लागणारी दगडगोट्यांची जागा त्यांच्या पायांखालीच असते. वरच्या भातसा धरणातून सोडलेले पाणी खाली पिसे येथे उचलले जाऊन मुंबईच्या नळांना जाते, म्हणून हे पात्र उन्हाळ्यातही वाहते. साबण, कपडे धुण्याची पावडर आणि थर्माकोलच्या ताटल्या यांचा त्या पाण्याशी संबंध आहे, हे डुंबणाऱ्यांना कोणी सांगत नाही. माशाचे पहिले चिलखत असलेल्या चिकट थराला साबणासारखी द्रव्ये बाधतात.

खुद्रीला वाचवण्याचे प्रयत्न झाले, आणि ते मनापासून झाले. महाराष्ट्राच्या मत्स्यविभागाचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपनीने महसीरचे बीजोत्पादन केंद्र उभे केले. कृत्रिम प्रजननाने लाखो पिल्ले तयार झाली आणि देशभरातील तलाव-नद्यांत सोडली गेली. महाड तालुक्यातील वाळण कोंडीसारख्या ठिकाणी तर देवाच्या डोहातील मासे म्हणून गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या राखले आहे. पण लोणावळ्याची पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडण्यात आली. तेथे आधीपासून एक स्वतंत्र महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला आणि जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. खुद्री तेथे फोफावली आणि कुबडवाला महसीर कमी कमी होत गेला. तो नेमका कोणती जात आहे हे शास्त्राने ठरवले ते २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. भीमेच्या खोऱ्यातून दुर्मीळ झालेला मासा कावेरीत पाहुणा म्हणून गेला आणि यजमानाच्या घरात मालक होऊन बसला. त्याच्या शास्त्रीय नावापुढे तेथेही साइक्स, १८३९ असेच लिहिले जाते.